टेबलाला केलेला नमस्कार

१४ जुलै २०२०, मंगळवार. शिफ्ट सकाळी सात ते दुपारी तीन. काम: राखून ठेवलेल्या जुन्या क्लिप्सची यादी उघडायची, एकेक क्लिप बघायची आणि तिच्यापुढे 'ठेवा' किंवा 'काढा' लिहायचं.

कसिनो मार्चपासून बंद होता. ओळखीच्यांना वाटायचं, कसिनो बंद म्हणजे मीही घरीच असणार. तसं नसतं. इमारतीत पैशांऐवजी खेळायच्या चिप्स असतात, यंत्रं असतात, तिजोरी असते. त्यामुळे कॅमेरे चालू ठेवावे लागतात, आणि कॅमेरे चालू म्हटल्यावर त्यांच्यामागे बघणारं कुणीतरी लागतंच. एरवी आमच्या सर्व्हेलन्सच्या खोलीत एका शिफ्टला दहा-बारा जण असायचे. आता आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा सुपरवायझर. तो साठीला टेकलेला, या धंद्यात तीस वर्षं काढलेला माणूस. तोंडात दर वाक्याला 'मेट', म्हणजे 'दोस्ता'. त्याची खुर्ची खोलीच्या या टोकाला आणि माझी त्या टोकाला, मधे अंतर ठेवायचं म्हणून जमिनीवर पिवळी पट्टी.

पडद्यांवर काय दिसायचं? काळ्या कापडाखाली झाकलेली टेबलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली स्टुलं. सकाळी नऊला फरशी पुसणारा एक माणूस या पडद्यातून त्या पडद्यात जायचा, तेवढीच हालचाल. एप्रिलमध्ये माल उतरवायच्या दारातून एक साळुंकी आत शिरली, तेव्हा आम्ही दोन दिवस तिच्या मागावर होतो. या देशात तिला 'इंडियन मायना' म्हणतात आणि उपद्रवी पक्ष्यांत धरतात.

"मेट, तुझी नातेवाईक आलीय," सुपरवायझर म्हणाला.

"मग मला तिच्या केसवर ठेवू नकोस. पक्षपात होईल."

"रूलेटच्या टेबलावर बसलीय. नोंद करू?"

"कर. हात दाखवले नाहीत म्हणून लिही."

तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. विनोद कळायला आमचं काम माहीत हवं.

डीलर म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारी व्यक्ती. टेबलावर येताना, टेबल सोडताना, आणि मधे कधीही हात स्वतःच्या अंगाकडे न्यायचा असेल तर आधी डीलरने दोन्ही तळहात कॅमेऱ्याला दाखवायचे असतात. सुलटे, मग उलटे. हातात काही नाही, बाहीत काही गेलं नाही, एवढंच त्यातून सांगायचं. नाक खाजवायचं असलं तरी आधी हात दाखवायचे. नवीन डीलरला हे अंगवळणी पडायला महिना लागतो आणि मग सुटता सुटत नाही. आमच्याकडच्या एकीने मला लिफ्टमध्ये सांगितलं होतं की तिचा डीलर नवरा घरी भांडी घासून झाली की छताला हात दाखवतो.

आम्हाला आवाज ऐकू यायचा नाही. कॅमेरे छतात, त्यामुळे चेहरेही धड दिसायचे नाहीत. दिसायचे ते भांग, टकलं आणि हात. बारा वर्षांत मी शेकडो माणसांना हातांवरून ओळखू लागले होते, आणि त्यांतलं कुणीही मला ओळखत नव्हतं. आम्ही फ्लोअरवरच्या, म्हणजे खाली खेळाच्या दालनातल्या, लोकांशी बोलायचं नाही हा नियमच होता. वेगळं दार, वेगळी लिफ्ट, वेगळी कॅन्टीन. रुजू झाले त्या दिवशी याच सुपरवायझरने मला सांगितलं होतं, "या खोलीत आल्यावर कुणी कुणाचं नसतं." मला ते आवडलं होतं. पुण्यात मी बँकेत होते. तिथे सगळेच सगळ्यांचे असायचे आणि काम पुढे सरकायचं नाही.

पण त्या जुलैत मला ते हात आठवायचे, हे खरं. काम करताना कधी वाटलं नव्हतं की आठवतील. एका टेबलावर एक वयस्क व्हिएतनामी डीलर असायचा. तो चिप्सची चळत एका बोटाने अशी कापायचा की पाचाच्या जागी कधी सहा आल्या नाहीत. मी कामाचा कंटाळा आला की दोन मिनिटं त्याच्याकडे बघायचे आणि परत माझ्या टेबलांकडे यायचे. एकजण नखं खायचा आणि ती लपवायला पत्ते मुठीत धरल्यासारखे धरायचा. एक बाई होती गिऱ्हाइकांतली, फिकट जांभळा स्वेटर, दर गुरुवारी यायची. खेळायच्या आधी पिशवीतून रुमाल काढून यंत्र पुसायची. बटणं, कडा, बसायची जागा, सगळं. आम्ही तिला हसायचो. आता सगळी दुनिया तेच करत होती.

गिऱ्हाइकांना सगळं माफ असतं. पत्त्यांवर फुंकर मारतात, टेबलाला तीनदा टिचक्या देतात, खिशातली मूर्ती काढून चिप्सशेजारी ठेवतात. त्याची नोंद कुणी करत नाही. नोंद होते ती डीलरच्या हातांची.

सकाळी अकराच्या सुमारास यादीतल्या ज्या क्लिपपाशी मी पोचले, तिच्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. शेरा एवढाच: 'टेबलाला स्पर्श, नंतर अंगाला स्पर्श, हात न दाखवता. वारंवार. कारण अज्ञात. निरीक्षणाखाली.'

क्लिप उघडायच्या आधीच मला माहीत होतं की ती कोण आहे.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचं टेबल. आधीची डीलर टाळी वाजवल्यासारखे हात झटकून, तळहात दाखवून निघून जाते. नवीन येते. सावळे, लांब बोटांचे हात, उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग. ती टेबलाच्या कडेला उजव्या हाताची बोटं टेकवते, ती बोटं गळ्यापाशी नेते, आणि मग काम सुरू करते. सगळं मिळून एक सेकंद.

मराठी वाचकाला यात काय आहे ते सांगायला नको. माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात लेथवर होते. मशीन चालू करायच्या आधी ते तिला हात लावून तो हात छातीला लावायचे, फक्त खंडेनवमीला नव्हे, रोज. मी स्वतः खुर्चीत बसले की कीबोर्डला बोटं लावते आणि डोळ्यांना लावते. आजही लावते. त्यामुळे झालं असं, की ही मुलगी माझ्या टेबलांवर चार महिने होती आणि तिचं ते करणं मला दिसलंच नाही. म्हणजे दिसत होतं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही. ज्याच्यात्याच्या ओळखीचं ते त्याच्या नजरेतून निसटतं. दुसऱ्या एका सहकाऱ्याने ते पकडलं. त्याच्या नजरेने बघितलं तर त्याचं बरोबर होतं. टेबलावरून हात उचलला आणि सरळ कॉलरमध्ये गेला. चिप चोरायची असेल तर अशीच चोरतात.

तेव्हा सुपरवायझरने मला बोलावून क्लिप दाखवली. पडद्यावर हात थांबवून विचारलं, "तुमच्याकडचं काही आहे का हे?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत."

का म्हणाले, तेही सांगते. खोलीत मी एकटी भारतीय होते. सीनियरच्या जागेसाठी अर्ज केला होता. आणि पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता: माहीत होतं, तर चार महिने बोलली का नाहीस? आपल्या माणसाला पाठीशी घालते असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी 'माहीत नाही' म्हणाले. जागा मला मिळाली.

चिप्सचा हिशोब तपासला गेला, सगळा जुळला. मुलीला ताकीद मिळाली आणि ते तिथेच संपलं असं मी धरून चालले. पुढच्या आठवड्यापासून तिने बोटं गळ्याशी नेणं सोडलं. त्याऐवजी टेबलावर आली की दोन्ही तळहात क्षणभर कापडावर सपाट टेकवायची आणि मग उचलून कॅमेऱ्याला दाखवायची. नियमात पूर्ण बसणारं. नमस्कार तिने तसाच ठेवला होता, फक्त तो आता दुसऱ्या कुणाला दिसत नव्हता. मला दिसायचा, शिफ्टला तीनदा-चारदा. तिच्या टेबलावरून मी नजर लवकर काढून घ्यायचे.

"ती जुनी कॉलरवाली का?" सुपरवायझरने त्याच्या टोकावरून विचारलं. माझा पडदा त्याला दिसतो. "काढून टाक. पुरावा कशाचा, तेच माहीत नाही."

"क्लिप काढली तर शेरा जाईल?"

"नाही. शेरा वरच्या ऑफिसात, तिच्या फाइलमध्ये. तो कुणीतरी कारण लिहून बंद केला तरच जाईल."

"आणि उघडा राहिला तर?"

"उघडण्याच्या वेळी निम्म्यांनाच परत बोलावणार आहेत, मेट. शुक्रवारी यादी वर जातेय. उघडा शेरा असलेले तळाशी." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "तुझ्यामाझ्यासकट सगळ्यांचंच बघतायत. का गं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि त्या ओळीपुढची जागा रिकामी ठेवून पुढची क्लिप उघडली.

तीनला निघाले. रस्ते मोकळे होते. एरवी दीड तास खाणारा टार्निट या आमच्या उपनगराचा रस्ता चाळीस मिनिटांत संपायचा, आणि मला तेही आवडत नव्हतं. घरी जायच्या आधी कणीक आणि दाणे घ्यायला आमच्या वसाहतीजवळच्या इंडियन दुकानात थांबले. एका वेळी चौघेच आत, दाराशी सॅनिटायझर, जमिनीवर पावलांची चित्रं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या दुकानात दोन काउंटर आहेत. मे महिन्यापासून मी डावीकडचाच घेत होते, कारण उजवीकडच्या काउंटरवर ते हात होते. पहिल्यांदा गेले तेव्हाच ओळखले. गल्ल्यावरच्या मुलीने गिऱ्हाइकाला सुटे परत दिले आणि दोन्ही तळहात वर केले. सुलटे, मग उलटे. दुकानाच्या छताला. गिऱ्हाइकाला वाटलं, सुटे संपले म्हणतेय. मी शेल्फमागे उभी राहून अंगठ्याजवळचा डाग बघून घेतला. नियम आहे, बोलायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दुकानात कसला नियम?

त्या दिवशी डावा काउंटर बंद होता.

तिने मास्क लावला होता, मीही. तिने कणकेची पिशवी उचलली, माझ्या पर्सच्या चेनला बांधलेला, 'पुणे' विणलेला गोंडा बघितला आणि सरळ मराठीत विचारलं, "ताई, पुण्याच्या का?"

"हो. तू?"

"सांगलीची. इथे शिकायला आले, मग इथलीच झाले." तिने दाणे स्कॅन केले. "म्हणजे होतेय अजून. कायम राहायचे कागद येईपर्यंत तात्पुरतीच म्हणायचं."

"पूर्ण वेळ असतेस इथे?"

"छे हो. आठवड्याला बारा तास. मालक बरा आहे, म्हणून तेवढे तरी देतो. मी कसिनोत होते, डीलर. कागद पक्के नाहीत म्हणून सरकारी मदत नाही. नवरा शेफ, त्याचं हॉटेल बंद." हे तिने भाव सांगावा तसं सांगितलं. मला ते पटलं. रडगाणं असतं तर मी कदाचित पैसे देऊन निघाले असते.

"कसिनो उघडेल की. बोलावतील परत."

"सगळ्यांना नाही. आणि माझ्या फाइलवर काहीतरी आहे म्हणे. मॅनेजरने फोनवर हळूच सांगितलं. काय आहे ते त्यालाही माहीत नाही."

"तुला नाही माहीत?"

"एकदा ताकीद मिळाली होती. टेबलाच्या पाया पडले म्हणून." ती हसली. मास्कच्या वरच्या डोळ्यांवरूनच कळलं. "मी सांगितलं त्यांना, अहो, कामाला नमस्कार करते. तर ताकीद देणारा म्हणाला, हे वरच्यांना पटायला हवं. वरचे म्हणजे ते कॅमेऱ्यातले. ते काही बोलत नाहीत, नुसते बघतात."

मी कार्ड मशीनवर टेकवलं. ते लागलं नाही. परत टेकवलं.

"सवय गेली का मग?" मी विचारलं.

"कुठली?"

"नमस्काराची."

"कशी जाईल? इथेही करते की. गल्ल्याला." तिने पावती फाडून पिशवीत टाकली आणि दोन्ही तळहात वर केले. मग स्वतःच चपापली. "ही बघा दुसरी सवय. गिऱ्हाइकं घाबरतात."

"मी नाही घाबरले," मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

घरी नवरा गॅरेजमध्ये बसला होता. मार्चपासून त्याचं ऑफिस तेच होतं, एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला दोन मॉनिटर. मी मुलीला चहा हवा का म्हणून हाक मारली, तर बंद दारामागून "मम, आय'म इन क्लास" असं उत्तर आलं. चहा दोघांचा केला आणि गॅरेजमध्ये नेला. त्याला सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचं 'माहीत नाही'सुद्धा. ते त्याला माहीत नव्हतं.

त्याने हेडफोन काढून ठेवला. "उद्या सांगून टाकलंस, तर काय होईल?"

"ताकीद. नाहीतर घरी. खोटं बोललेल्या माणसाला त्या खोलीत कसं ठेवतील?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

"काही नाही होणार. मला."

तो घोटभर चहा प्यायला. "घराचा हप्ता माझ्या पगारात बसतो," म्हणाला. "जेमतेम. पण बसतो." आणि हेडफोन परत लावला, कारण त्याची मीटिंग सुरू झाली होती. आमच्या घरात गंभीर बोलणी अशीच होतात आणि त्यांत काही कमी पडलंय असं मला कधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातच्या ऐवजी साडेसहाला पोचले. सुपरवायझर नेहमीप्रमाणे आधीच आला होता. कोट काढायच्या आधी मी पिवळ्या पट्टीपाशी उभी राहिले आणि सांगितलं, "ती कॉलरवाली क्लिप. ते काय आहे ते मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं."

त्याने खुर्ची पडद्याकडे वळवली. पडद्यावर फक्त काळी कापडं होती.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो. मी खोटं बोलले."

"मला लिहावं लागेल, मेट. तुझ्याबद्दल."

"लिही. आधी तिचं लिहू दे."

मी अर्ध्या पानात लिहिलं. काम सुरू करताना कामाच्या वस्तूला हात लावून नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे, सुतारापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे करतात, मी स्वतः या कीबोर्डला रोज करते. त्याने वाचलं आणि मान हलवली.

"शब्दांनी नाही होणार. वरच्यांना बघायला लागतं. म्हणून तर त्यांनी आपल्याला ठेवलंय." मग त्याने माझ्या कीबोर्डकडे बघितलं. "तू रोज करतेस? इथे, माझ्यासमोर?"

"बारा वर्षं."

"आणि मी पाहिलं नाही." त्याला हे माझ्या खोटेपणापेक्षा जास्त लागलं असावं.

तोच नमस्कार मी त्याच टेबलावर कॅमेऱ्यासमोर करायचा आणि ती क्लिप शेऱ्याला जोडायची, हे त्यानेच सुचवलं आणि त्यानेच सिक्युरिटीला फोन करून परवानगी घेतली. मी फ्लोअरच्या लिफ्टने खाली गेले. बारा वर्षांत मी त्या फ्लोअरवर दिवे लागलेले असताना कधी उभी राहिले नव्हते. वरून जेवढा दिसायचा त्यापेक्षा तो लहान होता आणि कार्पेटला अजून माणसांचा, सांडलेल्या बिअरचा वास होता. त्या वासाने मला एकदम सगळी गर्दी आठवली, जिच्यात मी कधी नव्हतेच. तिचं टेबल मला शोधावं लागलं नाही. काळं कापड काढून घडी घालून स्टुलावर ठेवलं. डीलरच्या जागी उभी राहिले. वर बघितलं तर काळा काचेचा गोळा, त्यात माझा वाकडा चेहरा.

फोन कानाशी न धरता टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून.

"सुरू कर," त्याचा आवाज आला.

टेबलाच्या कडेला बोटं टेकवली आणि गळ्यापाशी नेली. मग दोन्ही तळहात वर करून कॅमेऱ्याला दाखवले. सुलटे, मग उलटे.

"दिसलं का?" मी विचारलं.

"परत कर," तो म्हणाला. "डावा हात सावलीत होता."

मी दिव्याखाली सरकले आणि परत केलं.